कोशकारांचं खोटं पेन

“एवढंच सांगा, खरं की खोटं. बाकी काही नको.”

काउंटरवर रुमालाची घडी उलगडली गेली. आत शाईचं पेन होतं. गडद हिरवं, जाडजूड, टोपणावर तीन सोनेरी कडी.

काकूंनी डोळ्याला भिंग लावलं. कोर्टासमोरच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं टीचभर दुकान होतं. तेवीस वर्षं त्या तिथे पेनं दुरुस्त करत होत्या. त्याआधीची दहा वर्षं कारखान्यात निबची टोकं घासण्यात गेली होती. निब त्यांच्यापुढे फार वेळ लपवाछपवी करू शकत नसे.

याही निबला अर्धं मिनिट पुरलं. पोलादावर सोन्याचा मुलामा. चौदा कॅरटचा शिक्का उथळ, एका बाजूला कललेला. मधल्या चिरेच्या कडेला मुलामा उडायलाही लागला होता.

“खोटं,” काकू म्हणाल्या. “ऑनलाइन घेतलंस ना? फसवलं तुला.”

समोरच्या बाईने वाद घातला नाही. तिने नुसती मान हलवली. वय पस्तिशीच्या आसपास, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, पायात आवाज न करणारे बूट. नर्स असावी, असं काकूंना वाटलं, आणि ती होतीच.

“म्हणजे बाबा बरोबर होते,” ती म्हणाली.

“मग माफी माग आणि मोकळी हो.”

“अकरा दिवसांपूर्वी गेले.”

काकूंनी भिंग खाली ठेवलं. आपली जीभ जरा आवरायला हवी होती, असं त्यांना वाटलं. “बस,” त्या म्हणाल्या.

ती बसली आणि सांगू लागली. वडील कोशकार. चाळीस वर्षं एकच शब्दकोश. ते रोज शंभर कार्डं लिहायचे, तीही एकाच जातीच्या पेनाने. ते पेन फुटलं तोवर त्या जातीची पेनं निघायची कधीच बंद झाली होती. ही दुसऱ्या शहरात इस्पितळात नोकरीला. आठ महिने ऑनलाइन शोधून तिने तसंच जुनं पेन मिळवलं. विकणाऱ्याकडून नऊ फोटो मागवले, प्रत्येक फोटो मोठा करकरून पाहिला, मग पेन घरी धाडलं. बाबा खूश. दोन महिने येईल त्याला दाखवत होते, ‘माझ्या धाकटीची नजर बघा.’

“मग एका गुरुवारी ते पेन घेऊन मोठ्या पेनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, खोटं आहे. संध्याकाळी मला फोन आला. ‘माझ्या जन्माच्या कामात तू खोटं घुसवलंस. पुन्हा या घरी फोन करू नकोस.’ एवढंच. ठेवून दिला.”

“तू केलास ना पुन्हा?”

“दर रविवारी. दादा उचलायचा. म्हणायचा, बाबा नको म्हणतात. असे पाच महिने गेले. मग एक दिवस दादाने स्वतःहून फोन केला. बाबा गेल्याचं सांगायला.” तिने पेनाकडे पाहिलं. “काल हे माझ्या हातात दिलं. म्हणाला, तुझी वस्तू तू घेऊन जा.”

काकूंनी पेन परत द्यायला उचललं, आणि त्यांचा हात अडला.

“दोन महिने रोज शंभर कार्डं, म्हणालीस?”

“एकही दिवस खाडा नाही.”

काकूंनी निबचं टोक पुन्हा भिंगाखाली धरलं. कारखान्यातली खरखर अजून टोकावर तशीच होती. ही निब फार तर आठवडाभर कागदावर चालली असेल.

त्यांनी निब बसते तो पुढचा भाग हलक्या हाताने पिळून सोडवला. जुन्या पेनांचा हा सांधा लाखेने बंद केलेला असतो. तांबूस, ठिसूळ लाख तिथे होतीच, पण खरवडलेली. तिच्यावर दुसरंच काहीतरी फासलं होतं. गुलाबी, मऊ, मेणासारखं. काकूंनी नखावर घेऊन हुंगलं. पेनाच्या धंद्यात हे कुणी वापरत नाही.

“फोटो आहेत अजून?”

फोटो फोनमध्ये होते. चौथ्या फोटोत टोपणाच्या मधल्या कड्यावर तिळाएवढी खोच दिसत होती. काकूंनी टोपण उजेडात फिरवलं. तीच खोच, त्याच जागी. सातवा फोटो निबचा होता. त्यात शिक्का खोल आणि सरळ उमटलेला.

“मी चुकले,” काकू म्हणाल्या. “तो पेनवालाही चुकला. पेन अस्सल आहे, तू घेतलंस तेच. फक्त निब बदलली आहे.”

तिच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. आधी काही समजलं नाही, आणि मग समजलं तेव्हा ती पांढरी पडली.

“विकणाऱ्यानेच बदलून पाठवली असेल?”

“मग बाबांना पहिल्याच ओळीला कळलं असतं. दोन महिने त्यांनी कौतुक केलं ते या खरडीचं नव्हे. निब नंतर बदलली, आणि ज्याच्या हाताला पेन लागत होतं अशाच कुणीतरी बदलली.” काकूंनी दुकानाची फळी ओढली. “हे बघ, घरी सगळ्यांना सांगायचं की पेन खोटंच निघालं. अख्खं पेन खोटं. निबचा ‘न’सुद्धा काढायचा नाही.”

निघण्याआधी त्यांनी मोठ्या पेनवाल्याला फोन लावला. दोघांची जुनी ओळख होती आणि एकमेकांबद्दल मत वाईट होतं.

“कोशकारांचं हिरवं पेन तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं. एकवीस तारखेला, गुरुवारी.”

“उघडून पाहिलंत?”

“उघडायचंय काय त्यात? निब बघितली, खोटी होती. सांगितलं, पेन खोटं.”

“निब खोटी म्हणालात की पेन खोटं?”

“पेन खोटं, असं म्हणालो. का हो?”

“पेन तुमच्याकडे किती वेळ होतं?”

“दोन मिनिटं. म्हाताऱ्याने हातातून सोडलंच नाही. ऐकून दहा मिनिटं तसाच उभा राहिला. शेवटी मीच खुर्ची दिली.”

काकूंनी फोन ठेवला. दोन मिनिटांत हा सांधा सुटत नाही आणि मेण लावून पुन्हा बसतही नाही. पण पेनवाला सांगतोय तेच खरं कशावरून? त्याला सोन्याच्या निबची हाव सुटली असेल तर?

कोशकारांचं घर दुमजली होतं. वरच्या खोलीत भिंतीभर लाकडी कप्पे होते आणि कप्प्यांत कार्डं. एक किडकिडीत लेखनिकबाई शेवटची मुद्रितं तपासत बसल्या होत्या. गेली नऊ वर्षं त्या कोशकारांच्या हाताखाली काम करत होत्या.

“पेन खोटंच निघालं,” धाकटीने ठरल्याप्रमाणे सांगितलं.

“सरांच्या जिवाला फार लागलं ते,” लेखनिकबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

“सर कार्डावर तारीख घालायचे?” काकूंनी विचारलं.

“तारीख आणि क्रमांक. कार्डावर तारीख नसली तर फाडून टाकायचे.”

“मग पेनवाल्याकडे गेले त्या महिन्याची काढा बरं.”

काकूंनी कार्डं टेबलावर ओळीने मांडली. पहिल्या तारखेपासून अक्षर सारखं होतं. उभ्या रेघा जाड, आडव्या नाजूक, शाई काठोकाठ भरलेली. तेरा तारीख तशीच. चौदा तारखेला पहिली बावन्न कार्डं तशीच. त्रेपन्नाव्या कार्डावर अक्षर उपाशी माणसासारखं वाळलं होतं. रेघ सगळीकडे सारखी बारीक, मध्येच कागद ओरबाडलेला. तिथून पुढे एकवीसपर्यंत हीच तऱ्हा.

म्हणजे पेनवाला सुटला. निब त्याच्याकडे जाण्याच्या आठवडाभर आधीच बदलली होती.

“बावन्न कार्डांनंतर सर काय करायचे?”

“जेवण, मग झोप. दोनला कवळी काढून वाटीत ठेवायची, पेन मिटून टेबलावर. चारला उठायचे.”

“त्या वेळी घरात कोण?”

“स्वयंपाकाच्या बाई अकरालाच जातात. दादा खाली कामात. आणि मी इथे असते.” बोलता बोलता लेखनिकबाईंच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. “पण चौदाला मी नव्हते हो! बारा ते एकोणीस रजेवर होते, बहिणीच्या बाळंतपणासाठी.”

त्यांनी घाईघाईने कप्पा उपसून रजेचा अर्ज काढला. त्यावर कोशकारांच्याच हातचं ‘मंजूर’ होतं, अकरा तारखेचं, छान जाड अक्षरातलं.

“परत आलात तेव्हा सर कसे होते?”

“वैतागलेले. पेन खरडतंय म्हणून, आणि शिवाय ती नवी कवळी. मी नसताना दादांनी करून दिली. जुनी चांगली होती की! पण म्हणाले, सैल झालीय. सरांना नवी आवडली नव्हती. ‘टाळूशी पाटी बसवल्यासारखं वाटतं,’ म्हणायचे. ‘श’ नीट येईना त्यांना. जन्म उच्चारांवर काढलेला माणूस.”

“आणि दादांशी कसे वागायचे?”

लेखनिकबाई घुटमळल्या. मग त्यांनी ‘ख’च्या कप्प्यातून एक कार्ड काढून पुढे सरकवलं. शब्द होता ‘खोटा’. अर्थाखाली वापराचं उदाहरण दिलं होतं. ‘माझा मुलगा खोटे दात करून पोट भरतो.’

“गंमत म्हणून लिहिलं होतं,” त्या पुटपुटल्या. “येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवायचे. दादांच्या देखतसुद्धा.”

“दादा काय करायचा तेव्हा?” धाकटीने विचारलं.

“चहा आणून ठेवायचे.”

दादाची काम करायची खोली खाली मागच्या बाजूला होती. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे रांगेने मांडलेले, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हा कवळ्या करून द्यायचा. माणूस अंगाने आडवा, पण बोटं बाईसारखी नाजूक. स्पिरिटच्या दिव्यावर तो एक गुलाबी पातळ वडी मऊ करत होता.

काकू स्टुलावर टेकल्या. तो वास त्यांनी ओळखला, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

“मी पेनं दुरुस्त करते. तुमच्या बहिणीने पेन दाखवायला आणलं होतं. खोटं निघालं.”

“मी काय वेगळं सांगत होतो?”

“तिला पटत नाहीये. म्हणून म्हटलं, घरच्यांना विचारून खात्री करावी. बाबांचं पेन तुम्ही कधी उघडलं होतं? शाई भरायला वगैरे?”

“छे! त्यांच्या टेबलाला हात लावायची सोय नव्हती. आणि पेनातलं मला ओ की ठो कळत नाही.”

“फार चिडले होते का ते?”

“चिडले?” तो हसला. “एवढ्याशा निबपायी पोटच्या पोरीला तोडली त्यांनी. यावरून काय ते समजा.”

त्यांनी एक प्लॅस्टरचा जबडा उचलून उगाच न्याहाळला.

“सुबक काम आहे तुमचं. बाबांची कवळीही तुम्हीच केली असणार.”

“दुसरं कोण करणार?”

“कुठे आहे ती आता?”

दिव्यावरची वडी वितळून त्याच्या बोटावर ओघळली. त्याने हात मागे घेतला नाही.

“वर... त्यांच्या खोलीत,” तो म्हणाला. “दवाखान्यातून परत दिली.”

काकूंनी दाराशी जाऊन वर हाक मारली. “धाकटे, वाटीतली कवळी घेऊन ये. आणि लेखनिकबाईंनाही बोलाव.”

दोघी खाली आल्या. लेखनिकबाईंच्या हातात मुद्रितांचा गठ्ठा तसाच होता. धाकटीने कवळी टेबलावर ठेवली. दादा जागचा हलला नाही.

“आता नीट ऐका,” काकू म्हणाल्या. “हे पेन खोटं नाही. खोटी आहे ती फक्त निब. चौदा तारखेला दुपारी दोन ते चारच्या मध्ये, सर झोपलेले असताना, कुणीतरी अस्सल निब काढून ही नकली बसवली. तारीख आणि वेळ माझी नाही, सरांच्या कार्डांची आहे. पेनवाल्याकडे पेन गेलं एकवीसला. लेखनिकबाई बारापासून रजेवर. उरला एकच माणूस.”

“दुसरं कुणी आलं असेल घरात!” दादा म्हणाला.

“येईल की. पण सांधा बंद करायला गुलाबी मेण आणेल? पेनवाला लाख वापरतो. हे मेण कवळीवाल्याचं. आत्ता तुमच्या बोटावर आहे तेच.”

दादाने बोट पुसलं.

“आणि तिसरं. पेनवाल्याने सरांना सांगितलं, पेन खोटं. सरांनी मुलीला सांगितलं, पेन खोटं. मी आज तुम्हाला सांगितलं, पेन खोटं. या घरात निबचं नाव कुणीच काढलं नव्हतं. तुम्ही मात्र म्हणालात, एवढ्याशा निबपायी. पेनातलं ओ की ठो न कळणाऱ्याला दोष निबमध्ये आहे हे कुणी सांगितलं?”

स्पिरिटचा दिवा तेवढा फुरफुरत होता.

“खरी निब कुठे आहे?” धाकटीने विचारलं.

काकूंनी पिशवीतून पेनाच्या आत बघायची बारीक विजेरी काढली. “चांगली कवळी असताना त्याच आठवड्यात नवी का केली? टाळूपाशी जाड का केली? याचा मला नुसता संशय होता. कवळी कुठे विचारल्यावर यांचा हात थांबला, तेव्हा खात्री झाली.”

त्यांनी कवळी उचलली आणि मागून विजेरी धरली. गुलाबी टाळू दिव्यासारखा उजळला. बरोबर मधोमध एक काळी सावली दिसली. भाल्याच्या टोकासारखी, पोटात बारीकसं गोल भोक असलेली, भोकापासून टोकापर्यंत केसासारखी चीर.

लेखनिकबाईंनी तोंडावर हात दाबला.

“पाच महिने,” दादा म्हणाला. आवाज अगदी शांत होता, जणू कामाचं माप सांगत होता. “पाच महिने जीभ तिच्यावरच फिरत होती त्यांची. जेवताना, बोलताना, तुला शिव्या घालताना. खरं-खोटं एका नजरेत ओळखतो म्हणायचे ना? मला फक्त बघायचं होतं, ओळखतात का. पहिल्याच दिवशी ओळखतील, मला लाथ घालून हाकलतील, असं वाटलं होतं. सात दिवस खरडत बसले! शेवटी दुकानात जाऊन दुसऱ्याला विचारावं लागलं.”

“आणि मग मला फोन केला.”

“मी शेजारीच उभा होतो.”

“एका शब्दात थांबवता आलं असतं तुला.”

“आलं असतं.” त्याने पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं. “पण फोन ठेवून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘बस जरा माझ्याजवळ.’ एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. तुला काय कळणार ते? तू लांब राहून एक पेन धाडलंस आणि तू गुणाची. मी त्यांचं सगळं काढलं, आणि माझं नाव ‘खोटा’च्या खाली.”

धाकटी टेबलाची कड धरून उभी होती.

“शेवटी माझं नाव काढलं होतं त्यांनी?”

दादा फळीवरच्या साच्यांकडे बघू लागला.

“दादा, मी विचारतेय.”

“तीनदा.”

“काय म्हणाले?”

“‘बोलाव तिला.’” तो थांबला. “मी म्हटलं, फोन लावतोय, ती उचलत नाही.”

काकूंना वाटलं, ही आता त्याच्या अंगावर जाईल. दिवा, साचे, काहीतरी फुटेल. पण ती तशीच उभी राहिली. आजवर कितीतरी मरणं जवळून पाहिलेल्या बाईचा तो चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावरून आता एक-एक गोष्ट पुसली जात होती.

“ताई,” लेखनिकबाई म्हणाल्या, “कोश उद्या छपाईला जातोय. अर्पणपत्रिका बदलायला हवी. आधी तिथे तुमचं नाव होतं. त्या फोननंतर सरांनी ते खोडलं आणि मला हे लिहून घ्यायला सांगितलं.”

त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पान काढून दिलं. धाकटीने ते मोठ्याने वाचलं.

“‘माझ्या घरात जो एकटा खरा निघाला, त्या माझ्या मुलास.’”

दादाच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला. हे त्याला माहीत नव्हतं, हे काकूंच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य त्याच्यापुढे छापून आलं होतं, आणि खोलीतल्या चौघांनाही ते काय होतं हे ठाऊक होतं.

“काढ ते,” तो म्हणाला. “तुझं नाव घाल. काहीही घाल. पण ते काढ.”

“नाही,” धाकटी म्हणाली. “तसंच जाऊ दे.”

“ताई, अहो पण...” लेखनिकबाई गोंधळल्या.

“बाबांचे शब्द आहेत. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. किती प्रती निघणार?”

“दोन हजार.”

“एकही कमी नको. पहिली दादाला द्या. प्रकाशनाला त्याला पुढे बसवा, आणि हे पान सगळ्यांसमोर वाचा. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन करायला हवं.”

“मी पाया पडतो तुझ्या,” दादा म्हणाला. तो खरोखरच उठला होता. पायाला लागून एक साचा खाली पडला आणि फुटला. “बाकी काहीही कर. पोलिसात दे. सगळ्यांना सांग.”

“सांगणार नाही. कुणालाच नाही. या दोघीही नाही सांगणार.” तिने काकूंकडे पाहिलं. ती विनंती नव्हती. “लोक तुझं कौतुक करतील, दादा. मरेपर्यंत करतील. तू ऐकायचंस.”

काकूंना काहीतरी बोलावंसं वाटलं. पण पेन खरं की खोटं, एवढंच सांगायला त्या आल्या होत्या.

“मुद्रित मंजूर झाल्याची सही लागेल,” लेखनिकबाई हळूच म्हणाल्या. “घरच्या कुणाचीतरी.”

धाकटीने भावाच्या खिशातलं बॉलपेन काढलं, टेबलावरची प्लॅस्टरची भुकटी तळहाताने बाजूला सारली आणि पान नीट ठेवून खाली सही केली.